घाटातली हलकी मोटार

तुमच्यापैकी पुष्कळांनी बोरघाट पाहिला असेल. खोपोली मागे पडली की रस्ता वळणे घेत वर चढू लागतो. मालाने भरलेले ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चाललेले असतात. इकडे रेल्वेच्या गाडीला कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिने जोडावी लागतात आणि ती लोणावळ्यापर्यंत साथ देतात. लोणावळ्याला पोचल्यावर आपण चिक्की घेतो आणि घाट विसरून जातो. परंतु घाट चढताना एवढी ओढाताण का व्हावी, असा प्रश्न कधी मनात आला आहे का?

उत्तर एका शब्दाचे आहे : वजन. इंजिनाला प्रवाशांपेक्षा मुख्यतः गाडीलाच उचलून वर न्यावे लागते. मग कोणी म्हणेल, गाडीच हलकी का करू नये? जगात काही हौशी तंत्रज्ञांनी नेमके हेच केले. त्यांनी वर्षाला काही डझन किंवा काही शेच गाड्या बनवल्या आणि त्याही पुष्कळदा पूर्ण जोडून नव्हे, तर सुट्या भागांच्या रूपात विकल्या. त्यांतल्या काही गाड्या वेगात नामांकित कंपन्यांच्या महागड्या सुपरकारना मागे टाकतात. ही किमया कशी साधते आणि तिची किंमत काय मोजावी लागते, ते आज पाहू या.

घाटाचा हिशेब

खोपोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६० ते ७० मीटर उंचीवर आहे आणि लोणावळा सुमारे ६२० मीटर. म्हणजे घाटात आपण ढोबळमानाने ५५० मीटर वर चढतो. शाळेत शिकलेले सूत्र आठवा : वस्तू उचलण्यास लागणारे कार्य म्हणजे वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार. १२०० किलो वस्तुमानाच्या मोटारीसाठी १२०० × ९.८ × ५५०, म्हणजे सुमारे ६५ लाख ज्यूल झाले. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर चाकांपर्यंत ढोबळमानाने ८० लाख ज्यूलच पोचतात; बाकीची ऊर्जा धूर आणि उष्णता यांच्या रूपाने वाया जाते. म्हणजे नुसते 'वर उचलण्या'साठी पाऊण लिटरहून थोडे अधिक पेट्रोल खर्ची पडते. हवेचा आणि रस्त्याचा विरोध वेगळाच. मोटार ६०० किलोची असती, तर हा उचलण्याचा खर्च बरोबर निम्मा झाला असता.

आता उतरणीचा विचार करा. वर चढवताना साठवलेली ही ऊर्जा खाली येताना कुठे तरी जायलाच हवी. काही हवेच्या विरोधात जाईल, काही इंजिन रोखून धरील. पण समजा, चालकाने सारा भार ब्रेकवरच टाकला. ६५ लाख ज्यूल उष्णतेने ३० अंश सेल्सिअसचे सुमारे २२ लिटर पाणी उकळीला येते! चार चाकांच्या ब्रेकमध्ये एवढी उष्णता ओतली तर ते तापून त्यांची पकड ढिली पडू लागते. म्हणूनच उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये न टाकता खालच्या गिअरमध्ये ठेवावी, असे जाणते चालक सांगतात. हलक्या गाडीच्या ब्रेकला मात्र मुळातच कमी उष्णता झेलावी लागते.

हलकेपणाची आणखी एक गंमत आहे. गाडी हलकी झाली की तिला लहान इंजिन पुरते. इंजिन लहान झाले की ते पेलणारा सांगाडा हलका करता येतो. सांगाडा हलका झाला की स्प्रिंगा, ब्रेक, टायर, पेट्रोलची टाकी हे सारेच लहान करता येते. एक किलो कमी केला की त्याच्या मागोमाग आणखी काही वजन आपोआप गळते. जड गाडीत हेच चक्र उलटे फिरते.

अश्वशक्ती भागिले वजन

मोटारीची जाहिरात वाचताना आपण अश्वशक्तीचा आकडा पाहतो. पण नुसता तो आकडा फसवा असतो. खरा प्रश्न हा की प्रत्येक टन वजनामागे किती अश्वशक्ती आहे?

तुमच्यापासूनच सुरुवात करू. सायकल चालवताना तुम्ही सावकाश पण सतत सुमारे ७५ वॅट, म्हणजे एक दशांश अश्वशक्ती देऊ शकता. तुमचे आणि सायकलचे मिळून वजन ६५ किलो धरले, तर टनामागे दीड अश्वशक्ती झाली. २००९ साली बाजारात आलेल्या नॅनो मोटारीचे वजन सुमारे ६०० किलो आणि शक्ती सुमारे ३५ अश्वशक्ती होती. म्हणजे टनामागे ५८. ब्रिटनमधील नोबल कंपनीच्या एम४०० या गाडीचे वजन सुमारे १०६० किलो आणि शक्ती ४२५ अश्वशक्ती. भागाकार करा, उत्तर ४०० येईल. गाडीच्या नावातला ४०० हा आकडा याच भागाकाराचा आहे!

भागाकार वाढवण्याचे मार्ग दोन : अंश वाढवा किंवा छेद कमी करा. मोठ्या कंपन्या बहुधा पहिला मार्ग धरतात, कारण प्रचंड इंजिन बनवायला त्यांच्यापाशी पैसा असतो. लहान कारखानदारापाशी तो नसतो. त्याच्या हाती छेद कमी करणे तेवढे उरते.

उलटे वाचण्याची सूचनापुस्तिका

या मार्गाचा पुरस्कर्ता म्हणजे लोटस कंपनीचा संस्थापक, इंग्लंडमधील अभियंता कॉलिन चॅपमन. त्याने १९५७ साली 'सेव्हन' नावाची गाडी आणली. तिला ना टप, ना धड दरवाजे. नळ्यांचा सांगाडा, त्यावर अॅल्युमिनिअमचा पत्रा आणि दुसऱ्या कंपनीचे साधे इंजिन. सारी गाडी अवघी अर्ध्या टनाच्या आसपास!

त्या काळी ब्रिटनमध्ये नव्या, जोडलेल्या मोटारीवर मोठा विक्रीकर होता. सुट्या भागांवर तो लागत नसे. तेव्हा लोटसने ही गाडी सुट्या भागांत विकायला काढली. ग्राहकाने खोकी घरी न्यावीत आणि आपल्या शेडमध्ये पाने-पकडी घेऊन ती जोडावी. याबाबत एक किस्सा सांगतात. करमाफी हवी असेल तर सोबत 'जोडणीच्या सूचना' देता येत नसत. म्हणून चॅपमनने गाडी 'सुटी कशी करावी' याच्या सूचना दिल्या आणि ग्राहकांनी त्या शेवटून सुरुवातीकडे वाचल्या! १९७३ साली ब्रिटनमध्ये नवी करपद्धती आली आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हन बनवण्याचे हक्क केटरहॅम या कंपनीला दिले. तिथे त्याच घाटाची गाडी पुढे बनत राहिली.

पुढे ली नोबल या इंग्रज तंत्रज्ञाने 'अल्टिमा' नावाची गाडी रचली. तिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे असे आणि ती भागांच्या संचात मिळे. नव्वदीच्या सुरुवातीला मॅकलॅरन कंपनी आपली 'एफ१' ही सुप्रसिद्ध सुपरकार घडवत होती. तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स रस्त्यावर पारखण्यासाठी तिला दोन हलक्या, भक्कम गाड्या हव्या होत्या. तिने चक्क अल्टिमाचे दोन संच विकत घेतले. त्यांना 'अल्बर्ट' आणि 'एडवर्ड' अशी लाडकी नावे मिळाली. काम झाल्यावर मात्र मॅकलॅरनने दोन्ही गाड्या मोडून टाकल्या. जगातली सर्वांत वेगवान गाडी आणि घरी जोडायची गाडी यांचे नाते लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये, हे त्यामागचे एक कारण होते.

हेच ली नोबल पुढे वर सांगितलेल्या नोबल कंपनीचे संस्थापक झाले. नोबलच्या गाड्यांचे सांगाडे आणि बाह्यांगे दक्षिण आफ्रिकेतील एका कारखान्यात तयार होत. अमेरिकेत या गाड्या आणि त्यांच्यावरून घडवलेली 'रॉसियन' ही गाडी इंजिनाविना पाठवली जाई आणि इंजिन तिथे बसवले जाई. हजारो गाड्या विकणाऱ्या कंपन्यांसाठी केलेले सारे चाचणी-नियम पाळणे मूठभर गाड्यांच्या कारखान्याला झेपत नाही. 'गाडी' न विकता 'गाडीचे भाग' विकले की त्यातून वाट निघते.

काचेची गाडी!

आता एक अडचण पाहा. आपल्या नेहमीच्या मोटारीचे अंग पोलादी पत्र्याचे असते. तो पत्रा अजस्र यंत्रांत साच्याखाली दाबून घडवतात. समजा, या साच्यांना ५० कोटी रुपये लागले. गाड्या एक लाख विकल्या, तर गाडीमागे खर्च ५,००० रुपये. पण गाड्या पन्नासच विकल्या, तर प्रत्येक गाडीवर साच्याचाच एक कोटी रुपयांचा बोजा बसेल! लहान कारखान्याने पोलादी पत्र्याच्या वाटेला जाऊच नये, हे यावरून कळते.

त्याला तारते ती काच. मावळात काचेचे नाव निघाले की तळेगाव दाभाडे आठवते. लोकांनी वर्गणीने उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तिथे काच कारखाना निघाला होता. पण काच तर हातातून पडताच फुटते. तिची गाडी कशी होणार?

ग्रिफिथ या शास्त्रज्ञाने सुमारे १९२० च्या सुमारास यावर सुंदर प्रयोग केले. काच दुबळी असते ती तिच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म चिरांमुळे. ताण दिला की चीर पसरते आणि काच तडकते. पण काचेचा अतिशय बारीक तंतू ओढला, तर त्यात मोठी चीर असायला जागाच उरत नाही. म्हणून तंतू जितका बारीक, तितका तो आपल्या जाडीच्या मानाने बळकट. अशा तंतूंचे कापड साच्यावर पसरून त्यात राळ जिरवतात. राळ कडक झाली की फायबरग्लास तयार.

लोणावळ्याच्या चिक्कीची रचना थोडीफार अशीच आहे : दाणे वेगळे, त्यांना धरून ठेवणारा गुळाचा पाक वेगळा. मात्र चिक्की हाताने कटकन मोडते, कारण दाणे तुटक असतात. फायबरग्लासमध्ये लांब तंतू असतात. एक चीर निघाली तरी ती तंतूंपाशी अडते. तुमच्या गावातील पाण्याची टाकी किंवा नाव या पदार्थाची असेल, तर जरूर निरखून पाहा. त्यासाठीचा साचाही साधा असतो. तो लहान शेडमध्ये हातांनी करता येतो. काचतंतूंऐवजी कार्बनतंतू वापरले की तेवढीच ताकद आणखी कमी वजनात मिळते, पण किंमत फार चढते.

परंतु बाह्यांग हे केवळ कवच झाले. भार पेलतो तो आतला नळ्यांचा सांगाडा. त्याचे रहस्य समजण्यासाठी एक प्रयोग करा. आइस्क्रीमच्या चार काड्या घ्या आणि टोकांना टाचण्या टोचून चौकोन करा. एक कोपरा बोटाने ढकला; चौकोन लगेच कलंडून तिरका होईल. आता तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि ढकला. काडी मोडल्याशिवाय त्याचा आकार बदलणार नाही! चौकोनात एक तिरकी काडी बसवली, तर त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तोही ताठ उभा राहतो. रेल्वेचा लोखंडी पूल, विजेचा मनोरा आणि हलक्या मोटारीचा सांगाडा यांत हाच त्रिकोण दडलेला असतो. थोड्या नळ्या योग्य जागी जोडल्या, तर जाड लोखंडाची गरज उरत नाही. वजन कमी होते ते अशा विचाराने. नुसते पातळ सामान वापरून गाडी हलकी होते खरी, पण कमकुवतही होते.

आपल्याकडचे प्रयत्न

महाराष्ट्रातही असे प्रयत्न झाले आहेत. घाटाखाली, रायगड जिल्ह्यातील अलिबागला चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीने लोटस सेव्हनच्या धर्तीची 'रोडस्टर' बनवली. बाह्यांग फायबरग्लासचे, तर इंजिन १.८ लिटरचे इसुझू, म्हणजे अॅम्बॅसेडर मोटारीत बसत असे तेच! टॅक्सी म्हणून धावणाऱ्या भारदस्त अॅम्बॅसेडरला ओढणारे इंजिन हलक्या गाडीत घातले की ते कसे उधळत असेल, याची कल्पना करा. त्याआधी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, सॅन मोटर्सने 'स्टॉर्म' ही दोन आसनी, फायबरग्लासची उघडी गाडी आणली. तिला रेनॉ कंपनीचे सुमारे १.२ लिटरचे इंजिन होते.

२०१२ साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीने 'अवंती' मांडली. पुढे ती पुण्याजवळच्या कारखान्यात तयार झाली. इंजिन पाठीमागे, बाह्यांग संमिश्र तंतूंचे, दोन लिटरचे रेनॉचे इंजिन आणि शक्ती सुमारे २५० अश्वशक्ती. पण वजन सुमारे १५८० किलो. भागाकार केला तर टनामागे सुमारे १५८ अश्वशक्ती येते. रूप सुपरकारचे, पण छेद मोठाच राहिला. हे उत्पादन आता बंद झाले आहे.

याच्या अगदी उलट टोकाला मुंबईच्या वझिरानी कंपनीची 'एकॉन्क' ही विजेवर चालणारी, एक आसनी गाडी २०२१ साली आली. कंपनीने जाहीर केलेले वजन ७३८ किलो आणि शक्ती ७२२ अश्वशक्ती. म्हणजे जवळजवळ एका किलोला एक अश्वशक्ती! विजेच्या गाडीत बॅटरीचे ओझे फार असते. तिथे हलकेपणा साधणे म्हणजे खरी कसोटी.

हलकेपणाची किंमत

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की प्रत्येक गाडी अशी हलकी का करत नाहीत? थांबा. पुन्हा बोरघाटात चला. तिथे हलकी गाडी एकटी नसते.

समजा, ५०० किलोची हलकी मोटार आणि १५०० किलोची नेहमीची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या. संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम लावा. जड गाडीचा संवेग १५०० × ६०, हलकीचा ५०० × ६० आणि तोही उलट दिशेचा. वजाबाकी करून एकूण २००० किलोंनी भागा. उत्तर ताशी ३० किलोमीटर येते, जड गाडीच्या दिशेने. जड गाडीचा वेग ६० वरून ३० झाला, बदल ३०. हलकी मात्र ६० ने पुढे येत होती, ती ३० ने मागे रेटली गेली, बदल ९०. धडक एकच, पण हलक्या गाडीतील माणसाला तिप्पट हिसका!

आता समोर ९५०० किलोचा ट्रक धरा. तसेच गणित केले तर हलक्या गाडीच्या वेगातील बदल ताशी ११४ किलोमीटर येतो. १५०० किलोची गाडी असती तर? तिच्या वेगातील बदल सुमारे १०४. फरक आहे, पण फार नाही. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. ट्रकपुढे आपण गाडीत आणखी लोखंड भरून सुरक्षित होत नाही. आपल्याला वाचवतात ते चुरगळून हिसका मंदावणारा गाडीचा पुढचा भाग, न चेपणारा मधला पिंजरा, सीट-बेल्ट आणि सर्वांत आधी मर्यादेतला वेग.

म्हणून गाडी हलकी करताना दोन याद्या कराव्या लागतात. पहिली, काय काढता येईल : जाड गालिचा, विजेवर फिरणाऱ्या जड खुर्च्या, नुसती शोभेची वस्तू. दुसरी, काय कधीच काढायचे नाही : ब्रेक, पट्टे, पिंजरा, दिवे. पहिली यादी उत्साहाने करता येते. दुसरी करायला जबाबदारी लागते आणि ती दुसऱ्या कोणी तरी तपासावी लागते.

हे तपासण्याचे काम आपल्या पुण्यातच चालते. कोथरूडजवळ वेताळ टेकडीवर 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया', म्हणजेच 'एआरएआय' ही संस्था आहे. तिची स्थापना १९६६ सालची. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नव्या नमुन्याची गाडी अशा मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. नोंदणी झालेल्या गाडीतही मनाला येईल तसे फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मनाई केली आहे. ब्रिटनमध्ये घरी जोडलेल्या एकेका गाडीची तपासणी करण्याची पद्धत १९९८ पासून आहे. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने जुन्या घाटाच्या प्रतिकृती बनवणाऱ्या लहान कारखान्यांना वर्षाला ३२५ गाड्यांची मुभा दिली. मात्र तपासणीचा खर्च थोड्या गाड्यांवर वाटायचा म्हटले की गाडीमागे तो फार मोठा होतो. पोलादी साच्याचे गणित इथे पुन्हा उभे राहते. लहान कारखाने चटकन उगवतात आणि चटकन मिटतात, याचे हे एक कारण आहे. तरीही ही तपासणी टाळून चालणार नाही. घाटात तुमच्या गाडीसमोर येणाऱ्या माणसाने तुमच्या वेल्डिंगवर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?

तुम्हाला अशी गाडी बांधायची हौस असेल, तर वाट खुली आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून 'बाहा' आणि २०११ पासून 'सुप्रा' या स्पर्धा भरतात. त्यांत विद्यार्थी स्वतः सांगाडा रचतात, नळ्या जोडतात आणि गाडी धाववतात. पण धावण्याआधी गाडीची कसून तपासणी होते. जगभर चालणाऱ्या अशा विद्यार्थी-शर्यतींत गाडी फलाटावर तिरकी करून पाहतात, ब्रेक दाबताच चारही चाके अडतात की नाही ते बघतात आणि संकटात चालक पाच सेकंदांत बाहेर येऊ शकतो का, तेही घड्याळ लावून मोजतात. यांत नापास झालेली गाडी कितीही हलकी आणि देखणी असली, तरी तिला धावपट्टीवर प्रवेश नसतो.

तोवर एक छोटे काम करा. आपली सायकल वजनकाट्यावर ठेवा. मग तिच्या प्रत्येक भागाकडे पाहून विचारा, हा इथे का आहे? कॅरिअर, स्टँड, मडगार्ड, घंटी, ब्रेक, दिवा अशी यादी करा आणि प्रत्येकापुढे 'काढता येईल' किंवा 'काढायचे नाही' असे लिहा. घंटीचे वजन फार तर शंभर-दीडशे ग्रॅम भरेल. ती कोणत्या यादीत लिहायची, हे तुम्ही आधी मित्राशी बोलून ठरवा. मग लोणावळ्याच्या बाजारातली संध्याकाळची गर्दी डोळ्यांपुढे आणा आणि तुमची यादी पुन्हा एकदा तपासा.